आन् काय झालं तर?

गडहिंग्लजच्या बाजूला, सीमाभागातल्या खेड्यांत, बाईच्या केसांत जट दिसली की घरची माणसं अजूनही आधी हात जोडतात. केसांत यल्लम्मा देवी आली असं धरून चालतात. मग त्या केसांना फणी लागत नाही, कात्री तर नाहीच नाही. मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला जटेला हळद-कुंकू वाहतात, धूप दाखवतात. जट वाढत जाते, जड होत जाते, आणि ती डोक्यावर घेऊन बाई भांगलायला जाते, भाकरी थापते, रात्री तिच्यासकट झोपते.

अशी जट त्या बाईच्या आणि घरच्यांच्या संमतीनं काढून देण्याचं काम महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी तर शेकडो बायकांना यातून मोकळं केलं आहे. आमच्या भागात हे काम करणाऱ्या एका ताईंबरोबर मी पहिल्यांदा गेले, त्याचा हा अनुभव. त्यात मला कोड्यात टाकणाऱ्या गोष्टी बऱ्याच होत्या. त्यातल्या काही आता उलगडल्या आहेत, काही अजून नाहीत.

मी रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे प्रश्न येतो तो नळीतून आणि उत्तर जातं ते आकड्यात. घरी आई मंगळवार धरते, नवरात्रात कोल्हापूरला जाऊन अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय तिला चैन पडत नाही. या दोन्ही गोष्टी बघतच मी मोठी झाले आणि त्यांचं आपसात कधी भांडण झालेलं मला आठवत नाही. म्हणून जटेबद्दल ऐकलं तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो हा: देवीला जिवापाड मानणारी माझी आई रोज सकाळी केस विंचरते. मग देवीला तितकंच मानणारी दुसरी बाई वर्षानुवर्षं फणीला का घाबरते?

जाण्याआधी ताईंनी मला जटेचं शास्त्र समजावून दिलं. आपल्या डोक्यावरून रोज साधारण पन्नास ते शंभर केस गळतात. विंचरलं की ते फणीबरोबर निघून येतात. विंचरणं थांबलं की गळलेले केस बाकीच्या केसांत अडकून राहतात. त्यात तेल, घाम, धूळ आणि गोठ्यातला कचरा मिसळतो. डोकं धुताना केस गोळा करून साबणानं चोळले की गुंता आणखी आवळतो. लांबलेलं दुखणं किंवा अवघड बाळंतपण झालं की असं व्हायला फार दिवस लागत नाहीत. त्या वेळी कुणी भरपूर खोबरेल लावून सावकाश बोटांनी सोडवलं, तर गुंता सुटतो. पण नेमकं त्याच वेळी कुणीतरी देवीचं नाव घेतं, वर हळद-कुंकू पडतं आणि सोडवायची वेळ निघून जाते.

वैद्यकाच्या पुस्तकांत याला ‘प्लायका पोलोनिका’ म्हणतात. हे नाव पोलंडवरून पडलं. तिथल्या खेड्यापाड्यांत काही शतकं जटा राखल्या जायच्या. आजार जटेवाटे शरीराबाहेर पडतो, जट कापली तर माणूस आंधळा होतो, त्याला वेड लागतं, अशी तिथल्या लोकांची समजूत होती. एकोणिसाव्या शतकात क्राकुवचे डॉक्टर युझेफ डिट्ल यांनी या समजुतीविरुद्ध मोहीम चालवली. त्या मुलखात ना यल्लम्मा, ना परडी, ना भंडारा. कापण्याची भीती मात्र आपल्याइथल्यासारखीच.

हे ऐकून मी भारावले. एवढं कुणालाही पटेल, असं मी म्हटलं. ताई म्हणाल्या, “लक्षात ठेव. पण तिथं कुणी विचारल्याशिवाय काढू नकोस.” का, ते त्यांनी सांगितलं नाही.

ज्या घरी गेलो तिथं सोप्यात लाल मिरच्यांचा ढीग पडला होता आणि एक आजी देठ खुडत बसल्या होत्या. संकेश्वरी मिरचीचा हंगाम होता, दारातच ठसका लागला. आजींची सून आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी त्यांना मावशी म्हणू लागले. डोक्यावरून पदर घट्ट घेतलेला, आणि त्याच्याखाली डाव्या कानामागं मोठा उंचवटा. मान त्याच बाजूला कललेली. आम्हाला बोलावलं होतं ते कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या मुलीनं, घरात कुणाला फारसं न विचारता.

मला वाटलं, आता ताई विषय काढतील. त्यांनी चपला काढल्या, आजींच्या शेजारी बसकण मारली आणि मिरच्यांचे देठ खुडायला घेतले. मीही घेतले. मग बोलणं सुरू झालं ते मिरचीच्या दरावर. तिथून उसाला तोड कधी येणार, म्हैस किती दूध देते, थोरला कुठल्या एमआयडीसीत आहे, असं कुठल्याकुठं गेलं. गुळाचा चहा झाला. मी सारखी ताईंच्या तोंडाकडं बघत होते. पिशवीत कात्री होती, हातमोजे होते, डोक्यात पोलंड होतं, आणि इथं गोठ्याच्या पत्र्यावर चर्चा चालली होती.

बऱ्याच वेळानं ताईंनी हातातला देठ टाकत सहज विचारलं, “मावशी, रात्री झोप लागती का हो?”

मावशी थांबल्या. आजींकडं बघितलं, मग जमिनीकडं. “डाव्या कुशीवर झोपायचं इसरूनच गेलोय बघा,” त्या म्हणाल्या. आणि एकदा बोलायला लागल्यावर त्यांना थांबवता आलं नसतं. कूस बदलताना जट खाली आली की मानेला हिसका बसतो आणि जाग येते. डावा खांदा कायम भरून आलेला असतो. पावसाळ्यात ती वाळत नाही, वास मारतो, म्हणून लग्नाकार्याला जाणं सोडलं. एसटीत मागच्या बाकड्यावर, खिडकीशी बसायचं. पोरगी जेवताना जरा लांब बसते, ते कळतं, पण तिला काय बोलणार? उवांनी डोकं फोडून घ्यावंसं वाटतं आणि खाजवलं तरी बोट आत पोचत नाही.

“आजवर कुणी इचारलंच न्हाई,” मावशी म्हणाल्या. “समदी पाया पडायची तेवढी.”

इतकी वर्षं मान देणाऱ्यांनी गाव भरलेलं होतं, आणि त्यांपैकी एकानंही या बाईला झोपेचं विचारलं नव्हतं. मग ताईंनी जट कधी आली ते विचारलं. धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर मावशींना टायफॉइड झाला होता, बरेच दिवस अंथरूण धरलं होतं. उठल्या तेव्हा केसांचा गोळा झाला होता. शेजारणीनं देवऋष्याकडं नेलं. त्यानं सांगितलं, यल्लम्मा आली आहे, हात लावू नका.

“मधी एकदा नणंदंनं टोक कापलं,” मावशी म्हणाल्या. “पंधरवड्यात रेडकू गेलं.”

मी श्वास रोखून ताईंकडं पाहिलं. आता तरी त्या म्हणतील की याचा त्याच्याशी काही संबंध नाही. ताईंनी विचारलं, “अरेरे. काय झालं होतं रेडकाला?”

“फऱ्या झाला म्हणाला डॉक्टर.”

“गावात आणखी कुणाची जनावरं गेली त्या वेळी?”

“गेली की. खालच्या आळीला दोन गेली. पाटलाचा खोंड गेला.”

“त्यांच्या घरात कुणी जट कापली होती?”

मावशींनी उत्तर दिलं नाही. देठ खुडणारे हात तेवढे थांबले. ताईंनीही तो धागा पुढं ओढला नाही, लगेच पाणी मागितलं. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरं त्यांच्याच तोंडून यायची, हे शाळेत वाचलं होतं. त्याची ताकद मला त्या सोप्यात दिसली. सांगितलेली गोष्ट माणूस परत करू शकतो, स्वतःच्या तोंडून निघालेली त्याच्याजवळच राहते.

इतका वेळ गप्प असलेल्या आजींनी तेव्हा तोंड उघडलं. “हे समदं खरं, बाई. आन् काय झालं तर?”

त्या घरातला खरा प्रश्न तोच होता. ताई म्हणाल्या, “काय होईल म्हणून वाटतंय आजी?” आणि आजींनी जे सांगितलं त्यानं मला त्या घराकडं बघण्याची नजरच बदलावी लागली.

आजींची थोरली बहीण लहान असताना तिच्या डोक्यात जट आली होती. घरच्यांनी तिला देवाला सोडली. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर नेली, गळ्यात माळ घातली, हातात परडी दिली. पुढं तिचं काय झालं ते आजींनी दोन वाक्यांत सांगितलं आणि पदरानं डोळे पुसले. “सुनंच्या डोक्यात जट आली तवा देवऋषी म्हणला, हिला जोग घ्यायला लावा. म्या म्हटलं, लेकुरवाळी हाय, सोडणार न्हाई. घरातच देवीचं समदं करू, पर सून घरातच ऱ्हाईल. तवापास्नं म्या एक मंगळवार चुकवला न्हाई.”

मी आत आले तेव्हा आजींना मनातल्या मनात एका बाजूला आणि मावशींना दुसऱ्या बाजूला बसवलं होतं. पण आजी ती जट सांभाळत होत्या ती सुनेला वाचवण्यासाठी. तिला जोग घ्यायला लागू नये म्हणून त्यांनी देवीशी आपल्या बाजूनं तडजोड केली होती आणि ती निष्ठेनं पाळली होती. मुली अशा देवाला सोडण्याच्या, म्हणजे देवदासी प्रथेविरुद्ध शाहू महाराजांनी १९२० साली कोल्हापूर संस्थानात कायदा केला. मुंबई इलाख्यात १९३४ ला कायदा झाला, कर्नाटकात १९८२ ला, महाराष्ट्रात पुन्हा २००५ ला. शंभर वर्षांत इतके कायदे झाले, आणि या बाईला आपल्या सुनेसाठी एकटीनं, स्वतःला सुचलेल्या वाटेनं लढावं लागलं. तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे?

आजींनी मग ताईंना सरळ विचारलं, “तू देव मानतीस का?”

“नाही मानत, आजी,” ताई म्हणाल्या. “पण तुमचं मानणं काढून घ्यायला मी आलेली नाही. तुमच्या सुनेची मान मोकळी व्हावी एवढंच मला पाहिजे.”

आजी माझ्याकडं वळल्या. मी जे होतं तेच सांगितलं: आई मंगळवार धरते, मी धरत नाही, पण आईबरोबर देवळात जाते आणि तिथं उभं राहिलं की मला बरं वाटतं. आजींनी दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. “खोटं न्हाई बोलला,” एवढंच म्हणाल्या. ताईंनी त्या क्षणी देवीचं नाव घेऊन वेळ मारून नेली असती तर काम कदाचित लवकर झालं असतं. पण पुढं जे घडलं ते या खऱ्या उत्तरावरच उभं राहिलं.

त्या दिवशी कात्री पिशवीतून निघालीच नाही. निघताना ताईंनी आपला फोन नंबर खडूनं दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या आकड्यांत लिहिला, खाली माझाही लिहिला. आजींना म्हणाल्या, “काय झालं तर काय, असं विचारलंत ना? काही झालं तर आम्हाला फोन करा. रात्री-अपरात्री करा. आम्ही येऊ. दवाखान्यात न्यायचं असलं तर आम्ही नेऊ. आणि देवी कोपलीच, तर ती कापणाऱ्या हातावर कोपेल. तो हात माझा असेल.”

परतताना मी गाडीवर मागून विचारलं, “ताई, जट कशी होते ते तुम्ही एका शब्दानं सांगितलं नाहीत.” त्यांनी गाडी बाजूला घेतली. म्हणाल्या, “ती का ठेवते, हे बघ. जट कशानं होते ते माहीत नाही म्हणून ती ठेवत नाही. कापल्यावर घरात कुणी आजारी पडलं, कुठं अपघात झाला, म्हैस आटली, तर गाव तिच्याकडं बोट दाखवणार, नवरा तिच्याकडं बघणार, आणि ती स्वतःलाच विचारणार की माझ्यामुळं तर नाही ना. तो सगळा भार तिच्या एकटीवर येतो. तो भार कुणी वाटून घेतला तर ती आज कापेल.”

नंतर मावशींच्या नवऱ्याशी ताई फोनवर बोलल्या, दोन्ही मुलांशी बोलल्या. घरात बोलणी होत राहिली, त्यात आम्ही नव्हतो. शेवटी आजींचाच निरोप आला: या, पण गुरुवारी या. मंगळवार, शुक्रवार आणि पुनव नको, ते देवीचे दिवस. मी गोंधळले. अंधश्रद्धा काढायला जायचं आणि वार पाळून जायचं? ताईंनी शांतपणे गुरुवारची रजा टाकली. “वार त्यांचा, कात्री आपली,” म्हणाल्या. या वाक्यावर मी आजही विचार करते. कुठवर मान्य करायचं आणि कुठं थांबायचं, याचा नेमका नियम मला अजून सापडलेला नाही. इतकं कळलं आहे की त्या गुरुवारनं कुणाचं नुकसान झालं नाही आणि आजींना त्या कामात आपला शब्द चालला असं वाटलं.

गुरुवारी सोप्यात पाट मांडला होता. मावशींनी संमतीच्या कागदावर सही केली, नवऱ्यानं केली, आजींनी अंगठा दिला. आजींनी जटेला शेवटचं हळद-कुंकू लावलं, सुनेची ओटी भरली. मग ताईंनी पदर बाजूला केला आणि मी ती जट पहिल्यांदा पूर्ण पाहिली. मनगटाहून जाड, कमरेपर्यंत लांब, वरून काळपट आणि ठिकठिकाणी कुंकवानं तांबडी झालेली. माझं काम होतं ती दोन्ही हातांनी खालून उचलून धरायचं, म्हणजे कापताना डोक्याला ओढ बसणार नाही. हातमोज्यांतूनही ती टणक लागत होती. केसांचा असतो तसा तिला कुठंच लवचिकपणा नव्हता. वास तेलाचा, घामाचा, ओल्या मातीचा आणि धुपाचा, सगळा एकत्र. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. मी मनातल्या मनात ती लांबी मोजत होते आणि एकेका बोटामागं त्यांचे किती महिने गेले ते माझ्यापुढं येत होतं.

डोक्यालगत बोट-दीड बोट नवे, मोकळे केस होते. ताईंनी कात्रीचं टोक तिथं सरकवलं. पहिल्या घावाला करकर असा कोरडा आवाज आला आणि मावशींनी आजींचा हात पकडला. आजी डोळे मिटून “उदं गं आई उदं” म्हणत होत्या. ताई दर दोन घावांनी थांबून विचारत होत्या, “दुखतंय का? थांबू का?” मावशी मानेनंच नाही म्हणायच्या. जट सुटत गेली तसतसं माझ्या हातांवर वजन वाढत गेलं. तोवर ते त्यांच्या मानेवर होतं. शेवटची बट तुटली आणि मला अख्खी जट पुढं वाकून सावरावी लागली.

मावशींचं डोकं आपोआप उजवीकडं गेलं. इतकी वर्षं ओढ होती तिच्या विरुद्ध बाजूला मान ताणून धरायची स्नायूंना सवय झाली होती. त्यांनी हळूच मान सरळ केली, डावीकडं नेली, खांद्याला कान लावून बघितला. जटेखालची कातडी पांढुरकी पडली होती, दोन ठिकाणी जखमा होत्या, उवा इकडंतिकडं पळत होत्या. ताईंनी औषध लावलं, डोकं कसं धुवायचं आणि फणी कशी चालवायची ते मुलीला दाखवलं. मुलगी आईच्या मागं गुडघ्यांवर बसली आणि उरलेले केस विंचरायला लागली. त्या वेळी कुणीच काही बोललं नाही.

जट आजींनी एका नव्या कापडात बांधली. ती बांधावर पुरायचं त्यांनी ठरवलं, ताईंनी कुदळ घेऊन मदत केली.

मला वाटलं, झालं. पण खरं काम पुढंच होतं. ताई रोज फोन करायच्या. झोप लागली का, जखम वाळली का, घरात सगळे बरे आहेत ना. मीही करू लागले. आणि उन्हाळ्यात, वळवाचा पहिला पाऊस पडून गेला त्या संध्याकाळी, माझा फोन वाजला. आजी होत्या. आवाज ओळखू येत नव्हता. “नातवाला ताप चढलाय. फणफणलाय पोरगा. तुमी येतो म्हणला हुता.”

ताई परगावी होत्या. मी रिक्षा केली आणि गेले. मुलाला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी तपासून रक्त काढायला सांगितलं. आजी बाकावर बसून होत्या, मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि एका हातानं आपले आखूड केस पुन्हापुन्हा चाचपत होत्या. एकही शब्द न बोलता त्या काय विचार करत होत्या ते मला कळत होतं. आजींनी ते बोलून दाखवलं: “देवी कोपली न्हाई ना गं?”

मी त्यांच्या शेजारी बसले. “आजी, देवीचं मला सांगता यायचं नाही,” मी म्हटलं. “रक्ताचं सांगता येतं. तेवढं मी नीट बघून सांगते.” रिपोर्ट हातात आला तेव्हा त्यातला एकेक आकडा मी बोट ठेवून त्यांना समजावला. आजींना वाचता येत नाही, पण त्या माझं बोट कुठं आहे ते बघत होत्या. मलेरिया नाही. डेंग्यू नाही. प्लेटलेट दोन लाखांच्या वर, म्हणजे व्यवस्थित. ज्याची भीती होती त्यातलं काही नाही. डॉक्टर म्हणाले, विषाणूचा ताप आहे, दोन-तीन दिवसांत उतरेल. मी रात्री तिथंच थांबले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

दवाखान्यातल्या त्या रात्री मी आजींना पोलंडची गोष्ट सांगितली, कारण त्यांनीच विचारलं, “जगात असं आणि कुठं होतं का?” दूरदेशीच्या गोऱ्या बायका अशाच घाबरायच्या, हे ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “त्यास्नी कुणी सांगितलं?” मी म्हटलं, एका डॉक्टरानं. “घरी यायचा का त्यो?” त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न अगदी नेमका होता. कुणी सांगितलं, यापेक्षा सांगणारा नंतर घरी आला का, हेच आजींना महत्त्वाचं वाटत होतं.

कुठवर मान्य करायचं आणि कुठं थांबायचं, याबद्दल कायदाही बोलतो. आपल्या राज्यघटनेचं कलम २५ प्रत्येकाला सदसद्विवेकाचं आणि उपासनेचं स्वातंत्र्य देतं. त्याच घटनेत १९७६ च्या दुरुस्तीनं कलम ५१-क आलं, आणि वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद नि चौकस बुद्धी वाढवणं हे प्रत्येकाचं कर्तव्य ठरलं. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही अघोरी, अमानुष प्रथांना शिक्षा आहे, पण यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना त्यातून स्पष्टपणे वगळलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर याच कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. उपासना एका बाजूला आणि छळ, फसवणूक दुसऱ्या बाजूला, ही रेघ कागदावर इतकी स्वच्छ आहे. घरात ती तेवढी स्वच्छ नसते. तिथं भक्ती, भीती, माया आणि गावाची नजर एकाच गुंत्यात असतात. तो गुंता बाहेरच्या माणसानं एका वाक्यात तोडायचा नसतो. त्यातली भीती तेवढी हळूहळू सुटी करायची असते, बाकीचं ज्याचं त्याला ठेवू द्यायचं असतं.

मावशी आजही यल्लम्माला मानतात. मार्गशीर्ष पौर्णिमेला त्या घरच्यांबरोबर सौंदत्तीच्या यात्रेला जाऊन आल्या, केसांत अबोलीचा गजरा माळून. एसटीत पुढच्या बाकड्यावर बसून गेले, असं त्यांनी मला आवर्जून फोन करून सांगितलं. ताई अजूनही देव मानत नाहीत. आजींचा मंगळवार चालू आहे. आम्हा चौघींपैकी कुणाचंही मत कुणी बदललेलं नाही, आणि तरीही आम्ही एकमेकींच्या घरच्या झालो आहोत. माणसांनी एकमेकांशी जोडलं जाण्यासाठी मतं आधी जुळावी लागतात, हे मला आता खरं वाटत नाही. अडल्या वेळी कोण येतं, यावर ते ठरतं.

म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे. तुमच्या नात्यात, गल्लीत, गावात जटेची बाई असेल, तर तिला शास्त्र सांगण्याआधी तिच्याजवळ बसा आणि रात्री झोप लागते का ते विचारा. तिच्या डोक्याचे फोटो काढू नका, व्हिडिओ तर नाहीच. घरातल्या म्हातारीला शत्रू समजू नका, तिचंही ऐकून घ्या. तुम्ही देव मानता की नाही हे तिनं विचारलं, तर खरं सांगा. काढायचं ठरलं की अनुभवी कार्यकर्त्याला बोलवा. आणि काढून झाल्यावर काही महिने तिच्या घरी जात राहा, तिच्या फोनला धावून जा. एवढी तयारी नसेल, तर कात्रीला हात लावू नका.